कप्तान जेवला नाय

वेळसरचा फिरंगी कोट पुन्हा बांधून झाला आणि तिसऱ्या महिन्यात त्याने आपला इतिहास स्वतःच सांगायला सुरुवात केली, तेव्हा किनारी दुर्ग कार्यालयाला हायसंच वाटलं. कारण गाइडची जागा चार वर्षं भरलेली नव्हती.

कोट सकाळी दहाला, तटावर ऊन चढलं की बोलू लागे. ज्या दगडांवर ऊन येई ते बोलत, सावलीतले गप्प राहत. दुपारी एकला दरवाजा बंद होई आणि सोमवारी सुट्टी असे. आवाज जरा घोगरा होता. बाप्याचा म्हणावा तर तसा नाही, बाईचा म्हणावा तर तसाही नाही. पहिले दोन दिवस लोक बिचकले. नंतर भिंतीला टेकून, शेंगा सोलत, आरामात ऐकू लागले. भिंतींना कान असतात हे सगळ्यांना ठाऊकच होतं. तोंडाची तरतूद निविदेत नव्हती एवढंच.

सुरुवात झकास झाली. महादरवाजाने शुद्ध मराठीत सांगितलं, की सन सोळाशे अडतीसमध्ये दों लुईश नावाचा कप्तान तीन गलबतं घेऊन या खाडीत शिरला, त्याने सात बुरुजांचा कोट बांधला, पुढे तो मराठ्यांनी घेतला, मग इंग्रजांनी सुरुंग लावून पाडला आणि उरलेल्या चिऱ्यांतून आसपासच्या चार गावांच्या विहिरी बांधून झाल्या. पहिल्या बुरुजाने तोफांची नावं सांगितली. कार्यालयाच्या प्रमुख श्रीमती अंबर्डेकर यांनी वर अहवाल पाठवला, की काम समाधानकारक आहे.

घोटाळा दुसऱ्या बुरुजावर झाला. "कप्तानाचे वहिनीनं पाटा नेला तो आजून दिला नाय," तो बुरूज म्हणाला. "मागाला गेली तं बोलते, कनचा पाटा?" त्या दिवशी एका शाळेची सहल आली होती. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि सहामाही परीक्षेला त्यावर पाच गुणांचा प्रश्न आला. पालकांच्या तक्रारी आल्या त्या इतिहासाबद्दल नव्हत्या. वहिनीचं नाव पुस्तकात का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अंबर्डेकर मॅडमनी हसूराम म्हात्रेला बोलावणं धाडलं.

हसूराम हा कोटाच्या चुन्याचा मुकादम. साठीला आलेला आगरी गडी, उंच, खांद्यात किंचित वाकलेला. कोट बांधताना शिंपल्यांचा चुना, वाळू, गूळपाणी आणि हिरड्याचं पाणी घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरतं त्या गोल चरात, किती वेळ मळायचं ते तो ठरवी. काम संपल्यावर कार्यालयाने त्याला देखभालीला ठेवून घेतलं होतं. तो पहाटे येई, तटावरचं गवत उपटी आणि दहाच्या आत, म्हणजे कोट तोंड उघडायच्या आत, घरी जाई. बोलणं म्हणाल तर हो, नाय आणि बगतो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको पदूबाय वारली. तेव्हापासून त्याचे दिवसाचे शब्द मोजायला एका हाताची बोटं पुरत.

"म्हात्रे, हे असं का झालं?" मॅडमनी विचारलं. त्यांची कचेरी जुन्या दारूकोठारात होती.

हसूरामने खाली बघितलं. "चुना," तो म्हणाला.

"चुन्याचं काय?"

मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. निघालं ते असं. घाणीत फिरता चुना ओला असतो तोवर जे कानावर पडेल ते धरून ठेवतो. जुन्या गवंड्यांना हे माहीत असतं, म्हणून घाणीवर घरच्या गोष्टी बोलायच्या नाहीत असा दंडक आहे. देवळाचा चुना असला तर देवाचं नाव घ्यायचं, विहिरीचा असला तर पावसाचं बोलायचं, कोटाचा असला तर कोटाची बखर. आता हा दंडक कार्यालयालाही माहीत होता. निविदेच्या चौदाव्या कलमातच होतं, की घाणीवर रोज आठ तास इतिहास सांगण्यासाठी एक कथेकरी नेमावा. त्याप्रमाणे निवृत्त शिक्षक खांबेटे गुरुजी नेमलेही गेले. त्यांनी सबंध कोटाचा पाया, महादरवाजा आणि पहिला बुरूज होईतो सांगितलं. पुढे त्यांना कावीळ झाली, ते मुलीकडे गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही.

"मग आठ तास घाणीवर काय चाले?" मॅडमनी विचारलं.

"बायका बोलत."

"तुम्ही गप्प नाही बसवलंत?"

हसूराम नखांतली माती काढू लागला. चूक त्याची होती, त्याला ती ठाऊक होती आणि तिचं कारण सांगायची त्याला लाज वाटत होती. खरं असं होतं, की त्या बायकांत पदूबाय होती. ती बोलायला लागली की त्याला ऐकत राहावंसं वाटे. सबंध जन्म मुकादमी केलेला माणूस चुन्यापेक्षा बायकोकडे कान देऊन उभा राही.

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली. "पण कप्तान कुठून आला यात?"

ते सोपं होतं. खांबेटे गुरुजींचा चुना कोटाच्या पायात बसला होता आणि पायात बसतं तेच वर चढतं. बायका जिथे मुकादम म्हणाल्या तिथे कोटाला कप्तान ऐकू येई. पाटा नेणारी बाई हसूरामच्या थोरल्या भावाची बायको होती. ती अजून गावात होती आणि पाटाही तिच्याकडेच होता.

पुढचा आठवडाभर मॅडम एक इतिहासतज्ज्ञ सोबत घेऊन बुरुजाबुरुजाखाली बसल्या. तज्ज्ञ माणूस चांगला होता, त्याला कशातूनही काहीतरी काढता येई. पाटा म्हणजे तोफेखालची बैठक आणि वहिनी म्हणजे शेजारच्या ठाण्याची सत्ता, असा त्याने अर्थ लावला. तिसऱ्या बुरुजात शिंपल्यांच्या कालवणात आमसूल घालावं की चिंच यावरून दोन दिवस अबोला होता; ते शिबंदीतलं बंड ठरलं. चौथ्यात एक जावई हुंड्यातली सायकल मागत होता. ती खंडणी झाली. पाचव्या आणि सहाव्यातही कोणी ना कोणी कोणाच्या ना कोणाच्या बांधावर चढून गेलेलं होतंच. घरोघरी मातीच्या चुली, त्या कोटात शिरल्या होत्या इतकंच. प्रत्येक बुरुजावर "चालेल" असा शेरा पडला.

मग सातवा. हा दर्याबुरूज, अगदी टोकाला, निम्मा पाण्यात उतरलेला. तिथे जायची वेळ आली तेव्हा हसूरामला मॅडमनी सोबत घेतलं, कारण तिथल्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. तो नाय म्हणू शकला नाही. कोट बोलू लागल्यापासून त्याने तो बुरूज दहानंतर पाहिला नव्हता. शेवटच्या थंडीत तिथे जो चुना लागला त्या घाणीवर पदूबाय होती. फाल्गुनात ती गेली. नंतर फक्त वरच्या चर्या, माथ्यावरचे ते दातेरी कंगोरे, चढवायच्या राहिल्या होत्या; त्यांच्या चुन्याच्या वेळी हसूरामने घाणीवर कोणाला ब्र काढू दिला नाही. त्या चर्या अजून काही बोलत नाहीत.

ऊन आलं. बुरुजाने खाकरल्यासारखं केलं.

"कप्तान जेवला नाय," तो म्हणाला. "भाकर तशीच बांधून ठेवलीय. उन्हात टोपी घालत नाय, सांगितला तरी घालत नाय. काल खोकत होता रातभर, विचारला तं बोलतो, नाय, मी नाय खोकलो. अगो, मग काय शेजारचा खोकला? आता बगा कसा उबा हाय खांबासारका. कप्तान, बस जरा. बस की. पाय दुकत नाय का तुजं?"

हसूराम बसला. पायरी ओली होती, तरी बसला. आवाज कोटाचाच होता, घोगरा. पण बोलणं तिचं होतं, आणि जगात दुसरं कोणी "बस की" असं म्हणत नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

बुरूज एक वाजेपर्यंत असाच बोलत राहिला. कप्तानाने नवी चप्पल घ्यावी. कप्तानाला मुगाची आमटी आवडते, पण मागून घेत नाही. कप्तान चांगला आहे, पण हे त्याला सांगू नये, डोक्यावर बसेल.

तज्ज्ञाने चष्मा पुसला. "यात काही करता येणार नाही," तो म्हणाला.

"का?" मॅडमनी विचारलं.

"यात कोणी कोणाचं काही घेत नाही. घेतलेलं नाही, मागितलेलं नाही, नाकारलेलं नाही. याला इतिहास कसा म्हणायचं? हे घरगुती बोलणं आहे."

मॅडमना वाईट वाटलं असावं. पण नियम होता: इतिहासाच्या वास्तूत घरगुती बोलणं आढळल्यास तेवढा भाग पाडून, चौदाव्या कलमाप्रमाणे नव्या चुन्यात बांधावा. दुसऱ्या दिवशी सातव्या बुरुजावर खडूने "पाडणे" असं लिहिलं गेलं. पहारी घेऊन तीन गडीही ठरले. त्याआधी हरकत असल्यास सुनावणीत मांडावी, अशी नोटीस दारूकोठारावर लागली.

हसूरामने हरकत घेतली. अर्ज घाणीवरच्या बनूबायच्या सुनेने लिहून दिला. बनूबाय पदूबायची जोडीदारीण, कोट झाल्यावर आता जेटीवर मासळी निवडायला बसे. "तुमी बोलाल का पन तिथं?" तिने काळजीने विचारलं. "बोलावा लागल हां, मुकादम. आंगठा दाकवून नाय चालनार."

"बगतो," हसूराम म्हणाला.

तीन दिवस त्याला झोप लागली नाही. त्याला बुरूज हवा होता. दुसरं काहीच नको होतं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं. इतके दिवस तो बायकोच्या आवाजापासून पळत होता आणि आता तो आवाज पहारीने फोडणार म्हटल्यावर त्याला कळलं, की आपण किती मूर्ख आहोत.

सुनावणी बुरुजाखालीच झाली. मॅडम टेबल मांडून बसल्या. बाजूला तज्ज्ञ, मागे पहारी टेकवून तीन गडी, आणि तटाला रेलून बनूबाय. ऊन यायला अजून वेळ होता, म्हणून बुरूज गप्प होता.

"म्हात्रे," मॅडम म्हणाल्या, "हे बोलणं इतिहास आहे असं तुमचं म्हणणं आहे. इतिहासाला तीन गोष्टी लागतात. सन, हुद्दा आणि निकाल. साक्ष त्यात भाग घेतलेल्या माणसाची लागते. तुम्ही भाग घेतला होता?"

"हो."

"कोणाच्या बाजूने?"

"तिच्या."

मॅडमनी लिहिलं. "सन?"

"बांदकामाचा दुसरा साल. पौषापासून फाल्गुनापरत."

"हुद्दा?"

"मुकादम. कोट कप्तान बोलतो."

"कोट बोलतो तेच ग्राह्य," तज्ज्ञ म्हणाला. नियमाच्या बाबतीत तो प्रामाणिक होता. "कप्तानाच्या हुद्द्याबद्दल माझी हरकत नाही. कप्तान आहे म्हटल्यावर घरगुती म्हणता येणार नाही, गडावरचं म्हणावं लागेल. पण निकाल कुठे आहे? कोण जिंकलं, कोण हरलं? ते नसेल तर नुसत्या गप्पा."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "निकाल काय, म्हात्रे?"

हसूरामने समुद्राकडे पाहिलं. भरती लागली होती. मागे एका गड्याने पहार या हातातून त्या हातात घेतली. बनूबायने पदराचं टोक तोंडात धरलं.

"कप्तान हरला," हसूराम म्हणाला.

"कोणाकडून?"

"ते म्हाईत नाय. शिमग्याच्या आट दिस आदी. सकालची येल होती. मी पानी आनाया गेलो, आलो तं झाला होता." तो थांबला. मग त्याला आणखी सांगावंसं वाटलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "लडाई दिसलीच नाय मना. दिसली असती तं लडलो असतो. आता बुरूज तेवडा राहिलाय. तो पाडलात तं मंग काय नाय राहिला. तेवडा ठेवा, मॅडम. मी पाया पडतो."

मग मॅडमनी रकाने भरले. सन: नमूद. हुद्दा: कप्तान. निकाल: पराभव. शत्रू: अज्ञात. लिहिताना त्यांना चष्मा दोनदा काढावा लागला.

"तुमचं काय मत?" त्यांनी तज्ज्ञाला विचारलं.

"निकाल आहे," तज्ज्ञ हळूच म्हणाला. "स्पष्ट आहे. इतक्या स्पष्ट पराभवाची नोंद आपल्याकडे दुसरी नाही."

बनूबायने ओल्या पदराने "पाडणे" पुसून टाकलं. पहारी घेऊन आलेल्या तिघांना परत जाताना वाईट वाटलं नाही, कारण त्यांना जेटीवर दुसरं काम होतं.

आता मान्य झालेल्या इतिहासाला जे जे मिळतं ते सातव्या बुरुजाला मिळालं. निळी पाटी मिळाली. वर्षातून एक दिवस, शिमग्याच्या आठ दिवस आधी, कोटाचं निशाण निम्म्यावर उतरवायचं ठरलं. आणि पराभवाच्या जागा सूर्यास्तापर्यंत उघड्या ठेवाव्यात असं जुनं परिपत्रक होतं, त्यामुळे दर्याबुरुजापुरता एकचा दरवाजा सहावर गेला.

त्यामुळे पहिल्यांदाच बुरुजाच्या पश्चिम अंगाला माणसांसमोर ऊन लागलं. ती बाजू सगळ्यांत शेवटी, फाल्गुनात उभी राहिली होती. त्या दिवशी हसूराम नेहमीच्या पायरीवर बसला होता. तो आता रोज दिवसभर बसत असे, आणि देखभाल म्हणून ते चालत होतं. सांगली बाजूची एक बस आली होती, तीसएक माणसं. बनूबायही मासळी आटपून आली होती, जुनी आठवण म्हणून. साडेचार वाजले, ऊन तिरपं झालं आणि पश्चिमेचे चिरे बोलू लागले.

"परत कल आली छातीत," बुरूज म्हणाला, आवाज खाली आणून. "कप्तानाला सांगू नका. घाबरल. बनू, ऐक. मी गेल्यावर हा मानूस कोनाशी बोलनार नाय. मना ठावं हाय. तोंडाला कुलूप लावल आनि बसल. तुमी त्याच्याशी बोला गो. काय पन बोला. तो हो, नाय करल, तरी बोला. जो कोन यील त्यानं बोलावा. येवडा करा माजा."

एवढं बोलून तो थांबला. पुढचे चिरे चर्यांचे होते.

हसूराम हलला नाही. बनूबाय खाली मान घालून रडत होती. "बोलली होती ती," ती म्हणाली. "मना बोलली होती. पन नंतर तुमचा तोंड बगून माजी हिंमत झाली नाय, मुकादम. दोन वर्सं झाली. चुकला माजा."

अंबर्डेकर मॅडम तिथेच होत्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि वाक्य दोनदा वाचलं. मग त्या सांगलीच्या मंडळींकडे वळल्या.

"हा या किल्ल्यावर दिलेला हुकूम आहे," त्यांनी शांतपणे सांगितलं. "नोंद झालेल्या इतिहासातला हुकूम, देणाऱ्याने मागे घेईपर्यंत चालू राहतो. देणारं आता नाही, म्हणजे तो चालूच आहे. कृपया एका रांगेत या. प्रत्येकाने निदान एक वाक्य."

मंडळींनी त्यात वावगं काही मानलं नाही. किल्ल्याकिल्ल्यावर काही ना काही पाळायचं असतंच. कुठे चपला काढतात, कुठे दगडावर दगड ठेवतात. त्यांनी पाण्याच्या बाटल्या खांद्याला अडकवल्या आणि शेवाळावरून सांभाळत रांग लावली. सगळ्यांत पुढे बनूबाय होती. तिला काही सुचेना, म्हणून तिने बांगडा आज स्वस्त होता असं सांगितलं. हसूराम हो म्हणाला. तिच्या मागच्या गृहस्थांनी आपलं आडनाव पाटील असल्याचं सांगितलं. हसूराम बरं म्हणाला.

तिसऱ्या एक पोक्त बाई होत्या. त्यांनी पदर नीट केला, पायरीवर त्याच्या शेजारी टेकल्या आणि विचारलं, "पाऊस किती पडतो हो तुमच्याकडं?"

हसूराम हो किंवा नाय म्हणायला गेला, पण या प्रश्नाला त्यातलं एकही लागू पडेना. त्याने बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे तटाच्या वळणापर्यंत गेलेल्या रांगेकडे पाहिलं.

"तसा नाय सांगता यायचा," तो म्हणाला. "बसा. आदी मिरगापासून सांगाला लागल."